डोरोथीच्या घरची लाकडं

शेजाऱ्यांकडे आज वुडबर्नरसाठी, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या शेगडीसाठी, लाकडं आली. ताज्या फोडलेल्या लाकडाचा तो ओलसर, आंबूस वास नाकात शिरला आणि माझं डोकं तडकलं.

सत्त्याऐंशीचा डिसेंबर होता. लग्नानंतर पहिल्यांदाच मी बर्मिंगहॅमहून पीटरच्या आईच्या, डोरोथीच्या, फार्महाऊसवर राहायला गेले होते. घर बर्फासारखं गार. मी कोट काढेना, तेव्हा डोरोथीनं माझ्या हातात कुऱ्हाड दिली.

"थंडी वाजतेय ना? मग फोड लाकडं."

"आई, मी करतो," पीटर म्हणाला.

"तू बस!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

तळहात सोलवटेपर्यंत मी अंगणात ओंडके फोडत राहिले. ती किचनच्या खिडकीतून बघत होती. संध्याकाळी मात्र तिनं माझ्या ढिगाकडे ढुंकूनही न बघता शेडमधली जुनी लाकडं आणून फायरप्लेस पेटवली.

"माझी का नाही घेतलीत?"

"ती जळायची नाहीत," ती म्हणाली.

हा अपमान मी कितीतरी वर्षं उगाळला. ओलं लाकूड निदान वर्षभर वाळवावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ती खरंच बोलली होती.

पण कुऱ्हाड देतानाही तिला ते ठाऊक होतंच.