पाटी न आलेली बाहुली

नाताळात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पोरांना जुना मुका सिनेमा दाखवतात. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवतात, मग इंग्रजी पाटी येते आणि शाळेच्या बाई ती मोठ्यानं मराठीत सांगतात. मला कुठं इंग्रजी येतंय? मीही पोरांसारखाच बाईंकडे कान लावून बसतो.

यंदाच्या सिनेमात नाताळच्या रात्री खेळणी जिवंत होतात. उजाडलं की पुन्हा लाकूड. एक बाहुली मुलाच्या उशाशी आली, त्याला उठवलं आणि घाईघाईनं ओठ हलवायला लागली. पाटी काही येईना. खिडकीत तांबडं फुटायला लागलं.

"बाई, काय म्हणते ती?" एका पोरानं विचारलं.

"अरे, पाटीच नाही, तर मी काय सांगू?"

लकव्यानं बायकोची वाचा गेली, तेव्हा शेवटी तीही अशीच ओठ हलवायची. पाणी देऊ? फादरना बोलावू? कुशीवर वळवू? प्रत्येकाला ती मान हलवून नाही म्हणायची. तशीच गेली. तेव्हापासून मी ते ओठच बघतोय.

पुढच्या बाकावरची चिमुरडी म्हणाली, "जेवलास का, विचारते."

"गप गं. बाहुली कशाला जेवणाचं विचारेल?" तिचा भाऊ म्हणाला.

पोरं हसली. मला हसू आलं नाही. बायकोला काय हवं, एवढंच मी विचारत होतो. तिला मला काही विचारायचं असेल, हे डोक्यातच आलं नाही. त्या दिवसांत घरात चूल पेटत नव्हती, आणि तिच्या खाटेवरून चूल समोरच दिसायची.