चालकाशी बोलू नये

जुन्या ऑफिसात सगळे तिला आकडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. विक्री का पडली, कोणतं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात पाठ फिरवणार, कोणाच्या व्यवहारात पाणी मुरतंय, हे ती ढीगभर नोंदींतून शोधून काढायची. या कामाला डेटा सायन्स म्हणतात. बाबांना तिने ते एकदा समजावून सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे न विचारता लोकांच्या मनातलं ओळखायचं. तुझी आई हेच फुकट करायची." पुढे आई गेली आणि मग ऑफिसही गेलं. एका सकाळी कॉम्प्युटर तिला आत घेईना. तिला वाटलं पासवर्ड चुकला. चुकलं काहीच नव्हतं, अख्ख्या टीमलाच नारळ दिला होता.

बाबांनी हयातभर शहरातली बस चालवली. निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली, मग एकेक गोष्ट हातातून सुटत गेली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग मुलगी कोण ते. दार उघडं दिसलं की बाहेर पडायचे आणि बसस्टॉपवर जाऊन ड्यूटीची वाट बघत उभे राहायचे. त्यांना सांभाळायला एक बाई यायच्या. पगार थांबला तशा त्याही थांबल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

भाऊ दुसऱ्या शहरात होता. तो वाईट नव्हता, दूर होता, आणि दूरच्या माणसाला सगळं सोपं दिसतं. त्याने म्हाताऱ्यांची एक संस्था शोधून ठेवली होती. "ताई, महिनाअखेरीला तिथे जागा होतेय. तुला नोकरी लागली तर बाई ठेव, बाबा राहू देत तुझ्याकडे. नाही लागली तर मी येऊन घेऊन जातो. तू एकटी किती ओढणार?" तिने ती संस्था जाऊन पाहिली होती. स्वच्छ होती. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, आणि रांगेतली सगळी माणसं बंद टीव्हीकडे बघत बसलेली. त्या रांगेत बाबांना बसवायला तिचं मन होईना. परत येताना ती जिन्यातच रडली.

तेव्हा नोकरी हवी होती, आणि ती आत्ता हवी होती. तीन बड्या कंपन्यांनी तिला मुलाखतीला बोलावलं. तिघींची तऱ्हा इतकी वेगळी की तिने मनातल्या मनात त्यांची नावं पाडली: कोडीवाली, घड्याळवाली आणि गोष्टवाली.

कोडीवालीकडे सगळे सज्जन. हसून बोलतात, पाणी प्या म्हणतात, आणि मग विचारतात की पिशवीत इतके लाल चेंडू, इतके निळे, डोळे मिटून काढले तर काय शक्यता? उत्तर आलं की म्हणतात, छान, आता पिशवीला भोक आहे असं समजा. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी बाबांना आपल्याकडे बसवून घेतलं होतं, म्हणजे निमित्त सांगायलाही जागा नाही. पहिल्या पिशवीतून ती पार झाली, दुसऱ्या पिशवीच्या भोकातून खाली आली. विद्यार्थिदशेत जे झोपेत सोडवलं असतं, ते चाळिशी उलटल्यावर आठवेना. त्यांनी गोड शब्दांत नकार कळवला. गोड नकार जास्त लागतो, कारण भांडायलाही तोंड उरत नाही.

घड्याळवालीकडे माणूसच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पळत असते, आपण प्रोग्राम लिहायचा, आणि कॅमेरा आपल्यावर डोळा ठेवून बसलेला. सुरुवातीला लॅपटॉप उचलून सगळी खोली फिरवून दाखवावी लागते, उत्तरं सांगायला कोणी लपलेलं नाही ना म्हणून. काकू तोवर लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. आतल्या खोलीत नेट पोचत नव्हतं, आणि बाबांना नजरेआड करायची सोय नव्हती. तिने बाबांना दाराजवळच्या कोपऱ्यात बसवलं आणि यंत्राला खोली दाखवताना तेवढा कोपरा शिताफीने गाळला. प्रोग्राम तिने झकास लिहिला, वेळेच्या आत लिहिला. पण दर थोड्या वेळाने मान कोपऱ्याकडे वळत होती. बाबा कडी काढत तर नाहीत ना?

दुसऱ्या दिवशी कळवण्यात आलं की परीक्षेदरम्यान उमेदवाराची नजर वारंवार एकाच दिशेला गेल्याचे आढळले, सबब उमेदवारी रद्द. कॉपी केली म्हणे! ज्या बापाला स्वतःचं नाव आठवत नाही, तो हिला उत्तरं सांगत होता!

दाद मागायची कोणाकडे? आणि कुठल्या तोंडाने? जुन्या ऑफिसात संशयास्पद गिऱ्हाइकं हेरणारी अशीच यंत्रणा आकडेबाईनेच उभी केली होती. चार निरपराध लोकांची खाती बंद पडली म्हणून कोणी कुरकुर केली, तेव्हा ती मीटिंगमध्ये म्हणाली होती की तेवढं चालायचंच. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. आता ते ओलं म्हणजे आपण, हे तिला कळलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

उरली गोष्टवाली. तिथे चेंडू नाहीत, घड्याळ नाही. एकामागून एक माणसं पडद्यावर येतात आणि तुमच्या आयुष्यातल्या गोष्टी विचारतात. चुकलात कधी? साहेबाशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत? सोपं वाटतं, पण तीच सर्वांत कठीण. कोड्याला उत्तर तरी असतं, इथे स्वतःलाच विकायचं आणि विकतोय असं दिसू द्यायचं नाही. आधीच्या फेऱ्या तिने कशाबशा पार केल्या होत्या. शेवटची दुपारभर चालणार होती. महिना संपत आला होता, आणि ही गेली तर भाऊ गाडी घेऊन येणार होता.

या वेळी तिने डोकं चालवलं. बाबांची खुर्ची कोपऱ्यात न ठेवता तिने टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपच्या बरोबर मागे ठेवली. आता बाबांकडे बघितलं तरी कॅमेऱ्याकडेच बघितल्यासारखं दिसणार होतं. प्रश्न उरला त्यांच्या तोंडाचा. सकाळपासून ते सारखं विचारत होते, "गाडी कधी सुटणार?"

तिने बाबांना जेवू घातलं, बाथरूमला नेऊन आणलं, खुर्चीत बसवलं आणि हात जोडले. "बाबा, आज बोलू नका हं. माझी परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"नोकरीची."

"बरं. गाडी कधी सुटणार?"

पडदा उजळायला फार वेळ नव्हता. आणि मग तिला ती पाटी आठवली. लहानपणी शाळेला सुट्टी असली की बाबा तिला आपल्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसवायचे. समोर, त्यांच्या डोक्यावर, पाटी असायची. ती काही बोलायला गेली की बाबा मागे न बघता फक्त बोट वर करून पाटी दाखवायचे.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी सुटली. आज मी चालवतेय. चालकाशी बोलायचं नाही."

बाबांचा चेहरा एकदम बदलला. पाठ ताठ झाली, दोन्ही हात गुडघ्यांवर आले. सगळं पुसलं गेलं होतं, पण तो नियम शाबूत होता. त्यांनी मान डोलावली आणि तोंड मिटून घेतलं.

आणि काय सांगावं, गाडी लागली रस्त्याला! पहिल्या बाईंनी चुकीची गोष्ट विचारली, तिने निरपराधांची बंद पडलेली खाती सांगितली, आणि खरं सांगितल्यामुळे ती चांगली रंगली. दुसरा मतभेदांचा गृहस्थ तर हसला. बाबा समोर शहाण्या प्रवाशासारखे बसले होते. मधल्या सुट्ट्या एकेक करून कापल्या गेल्या, कारण प्रत्येक जण ठरल्यापेक्षा जास्त वेळ बोलत होता. तिला बरंच वाटलं. जास्त बोलतात म्हणजे आवडलोय.

शेवटचे मोठे साहेब आले. तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

उतरायचं असलं की प्रवासी करतात तसा. हळूच, खांद्याइतका. तिने पाहिलं. न पाहून कसं चालेल, खुर्चीच तशी ठेवली होती. हात कशासाठी आहे हेही तिला त्याच क्षणी कळलं.

साहेबांनी विचारलं, "एखाद्याची अडचण त्याने न सांगता तुम्ही ओळखलीत, असा एक प्रसंग सांगा."

दोन मिनिटं मागावीत का? वडिलांना बघून येते म्हणावं का? पण कोण वडील? खोलीत आपण एकट्याच आहोत, हे तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. बाबांचा हात आणखी वर गेला. तिला संस्थेतली ती रांग दिसली. ती कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि बोलू लागली. जुन्या ऑफिसातली म्हातारी गिऱ्हाइकं पैसे भरता भरता मध्येच सोडून का देतात, हे कोणी तक्रार न करता तिने नुसत्या नोंदींवरून कसं ओळखलं, अक्षरं मोठी करून कसं सोपं केलं, ते तिने सगळं सांगितलं. आवाज कुठेही हलला नाही. बाबा थरथरत होते, ओठ घट्ट मिटलेले. मग हात हळूहळू खाली आला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सुंदर," साहेब म्हणाले. "एक सांगू? लोक बोलताना इकडेतिकडे बघतात. तुमची नजर एकदाही हलली नाही. ठरलंच समजा. उद्या पत्र येईल."

पडदा काळा झाला. तिने लॅपटॉप मिटला. पलीकडे बाबा तसेच बसले होते, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. पायजमा ओला होता, खुर्चीखाली ओघळ आला होता.

ती धावत गेली आणि गुडघ्यांवर बसली. "बाबा, झालं आता. बोला. बोला ना बाबा!"

त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट बघितलं, आणि शरमेने मान खाली घातली. "हात केला होता मी, बाई," ते हळू आवाजात म्हणाले.

"बघितला मी. बघितला बाबा."

"असू दे. तुमचाही नाइलाज." त्यांनी अनोळखी माणसाला द्यावा तसा धीर तिला दिला. "मधे थांबवता येत नाही. मी पण चालवायचो."

टेबलावर फोन वाजू लागला. भाऊ होता. तिने ओल्या हाताने उचलला.

"ताई, काय झालं? बाबांनी मधे त्रास नाही ना दिला?"

"नाही रे," ती म्हणाली. "एक शब्दसुद्धा बोलले नाहीत."