शिकेकाईच्या शांपूला आलेले होकार

"एकसुद्धा 'नाही' नाही? कमाल केलीत मॅडम!" साहेब फॉर्मचा गठ्ठा चाळत म्हणाले आणि मी फुशारले.

सुप्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी लहान होती. तिला केमिकल नसलेला शिकेकाईचा शांपू काढायचा होता. काचेची बाटली परत आणली की पुन्हा भरून मिळणार. लोक असलं घेतील का, हे गावोगाव जाऊन विचारायचं म्हणजे मार्केट सर्व्हे. ते काम माझं. शांपू निघाला तर मी परमनंट, नाहीतर घरी.

नव्वदच्या दशकात एकटी बाई फाइल घेऊन एसटीने हिंडते म्हटल्यावर लोक आधी लग्नाचंच विचारत. संध्याकाळी खोलीवर आले की बोलायला चार भिंती. खरं सांगते, एकेका घरी मी तासभर बसायचे, ते सर्व्हेसाठी कमी आणि बोलायला माणूस मिळतं म्हणून जास्त.

सर्व्हेला दुसरी फेरी असते. आधी सॅम्पल द्यायचं आणि पंधरा दिवसांनी जाऊन कसं वाटलं ते विचारायचं. सोनईला हौसाबाईंकडे गेले. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. 'रोज वापरू' असं त्यांनीच लिहून घ्यायला लावलं होतं. बघते तर बाटली फडताळात, सीलसुद्धा फोडलेलं नाही! मोरीत मात्र दुकानातल्या शांपूच्या फाडलेल्या पुड्या.

"हौसाबाई, हे काय?"

"ताई, शिकेकाई कुटून कुटून हात गेले माजे. आता सून पुडी फोडती, फेस येतो, काम झालं. त्यात तुमची बाटली संबाळा, परत द्याया जा. कोन करनार?"

"मग हो कशाला म्हणालात?"

"तुमी उन्हाच्या एकट्या आल्या. तोंड पार सुकल्यालं. न्हाई म्हनलं असतं तर तुमच्या पोटावर पाय आला असता. शेजारनींना बी मीच सांगितलं, पोरीला हो म्हना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी चार घरी विचारलं. तिथेही तेच.

"साहेब, हे होकार खरे नाहीत," मी परत येऊन सांगितलं.

"हे लिहून देऊ नका. मशिनची ऑर्डर जायचीय. तुमचं कन्फर्मेशनही याच रिपोर्टवर आहे, कळतंय ना?"

कळत होतं. पण डोंबलाचं कन्फर्मेशन! दुकानात बाटल्या धूळ खात पडल्या असत्या. मी लिहून दिलं: बायका शिकेकाईला नावं ठेवत नाहीत, पण ती कुटण्यातून सुटल्याचा त्यांना जास्त आनंद आहे. वरच्या लोकांनी रिपोर्ट वाचला आणि शांपू रद्द केला. महिनाअखेरीस मलाही रजा दिली.

सामान बांधायच्या आदल्या दिवशी सोनईला गेले. काम काहीच नव्हतं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गेले.

"नोकरी गेली, हौसाबाई."

"अगं बया! आमी समद्यांनी हो म्हनलं हुतं की! कमी पडलं व्हय? आन कागद, आजून भरू."

पुढे मी दुसरीकडे पुष्कळ सर्व्हे केले. हाताखालच्या मुलींना एकच सांगते, होकार मालाला दिलाय की तुम्हाला, ते आधी बघा. मालाला दिलेले मी नंतर ढिगाने गोळा केले. मला दिलेले मात्र सोनईतले तेवढेच.