वहिनीच्या तोंडातले खिळे

माझी वहिनी गरीब गाय आहे अशी आमच्या गल्लीत ठाम समजूत होती. गिऱ्हाईक दुकानात यायचं, सोफा अजून का झाला नाही म्हणून आवाज चढवायचं, आणि वहिनी मान खाली घालून हातोडी चालवत राहायची. "किती सोशिक बाई!" असं म्हणत लोक पायऱ्या उतरायचे. मी कोपऱ्यात मशीनवर सोफ्यांची कव्हरं शिवायची. ऐकून मला हसू यायचं. सोशिक कसली! तोंडात मूठभर खिळे असताना माणूस बोलणार काय?

खुर्चीवर कापड ताणून बसवायचं म्हणजे एक हात कापड खेचण्यात अडकलेला आणि दुसऱ्यात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? जुन्या कारागिरांची रीत अशी, की बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक वळवून ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकानं उचलायचा आणि ठोकायचा. वहिनी हे तिच्या वडिलांकडून शिकली होती. लग्न होऊन आली तीच हातोडी घेऊन. तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ, खुर्चीच्या आतल्या स्प्रिंगा बांधायचा. त्याच्या सुतळीची गाठ कधी सुटली नाही, पण कापड हातात घेतलं की कोपऱ्याला चुण्या पडल्याच म्हणून समजा. त्यामुळे आतलं काम त्याचं आणि वरचं तिचं. बोलणंही त्याचंच. वहिनीला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. आधी खिळ्यांमुळे, नंतर सवयीनं. जेवताना मी म्हणायची, "वहिनी, कंटाळलीस का गं?" तर भाऊ घास गिळून म्हणायचा, "नाही, नाही, ठीक आहे ती."

मग बाजारात तयार सोफे आले. बसकण फाटली की लोक सोफाच बदलू लागले. अशात एका एजंटानं बातमी आणली. परदेशात जुन्या खुर्च्या हातानं पुन्हा जशाच्या तशा करून देणारे कारागीर हवे आहेत, कामाची चाचणी पास झाली की कुटुंबासकट जाता येईल. एजंट दुकानातल्या पाटावर बसून अर्ज भरायला लागला. मुख्य अर्जदार म्हणून त्यानं भावाचं नाव घातलं. वहिनीच्या आणि त्यांच्या मुलीच्या नावापुढे लिहिलं, 'आश्रित'.

वहिनीनं हातोडी खाली ठेवली. तळहातावर एकेक करून सगळे खिळे काढले. आम्ही बघतच राहिलो, कारण दिवसाढवळ्या काम अर्धवट टाकून तिला खिळे काढताना कोणी पाहिलं नव्हतं.

"आश्रित म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांच्यावर अवलंबून," एजंट हसून म्हणाला. "नुसता शब्द आहे हो ताई."

"नुसता शब्द आहे ना? मग त्यांच्या नावापुढे लिहा."

भाऊ आधी हसला. मग त्याला कळलं की ती थट्टा करत नाहीये. चाचणीत अख्खी खुर्ची एकट्यानं करायची होती, स्प्रिंगांपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत. म्हणजे एकाला दुसऱ्याचं काम शिकणं भागच होतं. भाऊ बराच वेळ सुतळीचा गुंडा हातात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "हिला स्प्रिंगा शिकवता येतील. मला कोपरे काही या जन्मी यायचे नाहीत. लिहा हिचं नाव."

माझ्या भावाचे शंभर दोष मी सांगू शकते, पण त्या एका वाक्यासाठी मी त्याला सगळे माफ केले आहेत.

थोरल्या दादाच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. दादा आमच्या घरातला शहाणा. त्याचं आयुष्य दुसऱ्यांना सल्ला देण्यात खर्ची पडलं. तो तरातरा दुकानात आला. "बायकोच्या मागून बॅगा उचलत जाणार तू? आश्रित म्हणून? लाज कशी वाटत नाही?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे गेले की दुकानाला कुलूप लाव आणि आमच्याकडे राहायला ये. स्वयंपाकाला तेवढीच मदत." मी सासर सोडून आल्यापासून दादानं मला असंच कुठे ना कुठे बसवून ठेवायचं ठरवलेलं असतं. मी सुई ओवत राहिले.

वहिनी स्प्रिंगा शिकली. बोटं सोलवटली, गाठी सुटल्या, नवराबायकोची रोज जुंपायची. भाऊ एरवी मवाळ, पण शिकवायला बसला की सावत्र सासू परवडली. तिनं बांधलेलं तो मुकाट्यानं कापून टाकायचा आणि सुतळी परत तिच्या हातात द्यायचा. हळूहळू त्याचं कापून टाकणं कमी झालं, आणि एक दिवस तो तिच्या बसकणीवर स्वतः बसला, हलून पाहिलं आणि चहा सांगायला उठला.

सगळं जमलं होतं. एकच नियम राहिला होता आणि तो आम्ही हसण्यावारी नेला होता. चाचणीत खिळे तोंडात धरायचे नाहीत. गिळले गेले तर जबाबदारी कोणाची? कमरेला पिशवी बांधायची, तिच्यातून एकेक घ्यायचा.

वहिनी चाचणीला गेली आणि संध्याकाळी परत आली ती थेट मोरीत जाऊन तोंड धूत राहिली. स्प्रिंगा उत्तम झाल्या होत्या. कापड सुरकुतीशिवाय बसलं होतं. शेवटच्या कोपऱ्याला तिचा हात आपोआप पिशवीतून ओठांकडे गेला, आणि परीक्षकानं "थांबा" म्हटलं. तिला स्वतःला कळलंही नव्हतं.

दादा लगेच हजर. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं आणि त्याचा मला भयंकर राग आला. एजंट म्हणाला, अजून एकदाच बसता येईल, त्यापेक्षा अर्ज नव्यानं भावाच्या नावावर करू. भाऊसुद्धा चाचरत म्हणाला, "मी कोपरे शिकून बघू का?"

"माझं नाव खोडायचं नाही," वहिनी म्हणाली. "खोड गेली नाही तर आपण कोणीच जाणार नाही. इथे राहू. पण आश्रित म्हणून मी कुठेही जाणार नाही, स्वर्गातसुद्धा."

मग खोड मोडायचे प्रयोग सुरू झाले. तोंडावर फडकं बांधलं, तर ती फडक्याला खिळे टोचून ठेवू लागली. खिळ्यांना मिरचीची पूड लावली, तर अर्धा दिवस डोळे पुसत बसली आणि उरलेल्या अर्ध्यात खिळे धुऊन पुन्हा तोंडात. शेवटी मुलीनं वाट काढली. शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "आई, तू काम करताना बोलत राहा ना. बोलत असलीस तर खिळे ठेवशील कुठे?"

"काय बोलू?"

"काहीही. इतक्या वर्षांचं साठलं असेल की."

आणि वहिनी बोलू लागली. अरे देवा! पहिला नंबर माझाच लागला. "वन्सं, तुमची शिलाई डावीकडे सरकते. मी इतकी वर्षं कापड ताणून ती झाकते." मग गिऱ्हाइकांची पाळी. "सोफ्यावर उड्या तुमची मुलं मारणार आणि स्प्रिंगा आमच्या वाईट?" मग नवरा. त्याच्या घोरण्यापासून ते तिच्या वडिलांच्या आजारपणात तो एकदाच भेटायला गेला होता इथपर्यंत. हे शेवटचं बोलताना तिचा आवाज फाटला, पण हातोडी थांबली नाही. भाऊ सुतळी सोडून उठला आणि तिच्याजवळ जाऊन बसला. दादा आला तेव्हा ती म्हणाली, "या दादा. तुमच्या दिवाणखान्यातला सोफा घरचं काम म्हणून दरवेळी आम्हीच केला. 'छान झालाय' असं एकदा तरी म्हणायचं होतं." दादा आल्या पावली परत गेला. गल्लीत बोभाटा झाला की गरीब गाय शिंगं उगारायला लागली. पण त्या महिन्यांत एकही खिळा तिच्या तोंडात गेला नाही.

दुसऱ्या चाचणीला भाऊ आणि मी बरोबर गेलो. आम्हाला दाराबाहेर बाकावर बसवलं. आतून हातोडी ऐकू येत होती, आणि वहिनी. परीक्षक म्हणाला, "बोलू नका."

"साहेब, मी गप्प बसले की खिळे तोंडात जातात. मागच्या वेळी तुम्हीच पाहिलंत. आता काय ते तुम्हीच ठरवा."

परीक्षकाचा आवाज आला, "बरं, हळू बोला."

ती हळू आवाजात त्याला आमच्या घरची सगळी हकिकत सांगत राहिली. आम्ही दोघं कान देऊन बसलो होतो. आणि मग आतून बोलणं बंद झालं. हातोडीही बंद. भाऊ उठून उभा राहिला. मी त्याचा हात धरला. शेवटचा कोपरा, मला वाटलं. गेलं सगळं.

"पाणी मिळेल का हो?" आतून वहिनी म्हणाली. "बोलून बोलून घसा सुकला."

भाऊ मटकन बाकावर बसला आणि रडायला लागला.

निघायच्या दिवशी दुकानापुढे गाडी उभी होती. वहिनीच्या खांद्यावर मुलीचं दप्तर, भावाच्या दोन्ही हातांत बॅगा. दादा निरोपाला आला, पण स्वभाव घरी ठेवून आला नव्हता. "तिकडे कोणी विचारलं हा काय करतो, तर काय सांगायचं?" त्यानं वहिनीलाच विचारलं, कारण आता घरातली उत्तरं तीच देते हे सगळ्यांना माहीत झालं होतं.

"मला काय विचारता?" वहिनी म्हणाली. "त्यांना विचारा. त्यांच्या तोंडात काही खिळे नाहीत."

भावानं बॅगा खाली ठेवल्या. "सांगेन, हिच्याबरोबर आलोय," तो म्हणाला. "आणि हिला स्प्रिंगा मी शिकवल्या."

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी आत आले. वहिनीनं तिची हातोडी माझ्यासाठी ठेवली होती. अर्धवट राहिलेली एक खुर्ची पुढे ओढली, कापड ताणलं, मूठभर खिळे घेतले आणि तोंडापर्यंत नेले. दादा मागोमाग आत आला होता, कुलूप हातात घेऊन.

मी खिळे परत डबीत टाकले.

"हं दादा," मी म्हणाले, "बोल, काय म्हणत होतास?"