गरुडाच्या शेपटीची पिसं

नोकरीत शेकडो गुन्ह्यांचे कागद हाताखालून गेले. बरेचसे विसरलो, आणि विसरलो तेच बरं झालं. ही घटना मात्र आजही आठवते आणि आठवली की मी एकटाच हसत बसतो. नावं कोणाची सांगणार नाही. माणसं सगळी हयात आहेत आणि अजून एकमेकांकडे जेवायला जातात.

तेव्हा मी जळगाव शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अधिक महिना चालू होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात दातांचे एक निवृत्त डॉक्टर आत आले. स्वतःचाच दात भूल न देता काढल्यासारखा चेहरा.

"साहेब, माझा डॉलर चोरीला गेला."

"एक डॉलर?" मी विचारलं. शेजारी माझा हवालदार उभा होता, त्याने तोंड फिरवून हसू दाबलं.

डॉक्टरांनी मग खुर्ची ओढून मला शिकवणीच दिली. त्यांना अमेरिकेची जुनी सोन्याचांदीची नाणी जमवायचा नाद. नुसती नाणी नव्हेत, तर एकाच सालच्या, एकाच चित्राच्या नाण्यांत ठशाचा जो बारीक फरक राहतो, तो शोधायचा नाद. हरवलेलं नाणं १८७८ सालचं, चांदीचं. त्यावर पंख पसरलेला गरुड. टांकसाळीने आधी गरुडाच्या शेपटीला आठ पिसं कोरली, मग सात करायचं ठरलं, आणि घाईत काही जुन्या ठशांवरच सात पिसांचा नवा ठसा हाणला. त्यामुळे काही नाण्यांत सात पिसांखालून जुन्या पिसांची टोकं डोकावतात.

"दुधाच्या दातामागून पक्का दात डोकावतो ना, तसं," डॉक्टर म्हणाले. आता मला समजलं.

हवालदार धरणगावकडचा. न राहवून अहिराणीत बोललाच, "साहेब, हाऊ डाक्टर ते उडता पाखरूना पिसं मोजस!"

डॉक्टर रागावले नाहीत. उलट खूश झाले.

गुन्हा नोंदवून घटनास्थळ पाहिलं. दाराचं कुलूप शाबूत, कपाटाची किल्ली जागच्या जागी. म्हणजे घरात वावर असलेल्या माणसाचं काम. त्या आठवड्यात बाहेरचा माणूस एकच आला होता, धुळ्याचे एक वयस्क मुसलमान कारागीर. सगळे त्यांना चाचा म्हणत. नाण्यांसाठी त्यांनी छोट्या छोट्या खणांची शिसवी पेटी केली होती आणि ती बसवायला आले होते. डॉक्टरांनी कौतुकाने त्यांना सगळा संग्रह दाखवला होता.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याच्या सराफ बाजारातून माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, एक म्हातारा सुतार चांदीचं परदेशी नाणं मोडायला आलाय. वर गरुड आहे. मुलीला पैंजण करायचेत म्हणतो."

पथक पाठवलं. चाचा नाण्यासकट ठाण्यात आले. मनात म्हटलं, झालं, मुद्देमालही मिळाला.

चौकशीत माझी एक पद्धत होती. माणसाला आधी त्याच्या कामाबद्दल बोलू द्यायचं. ज्याच्या पोटात काही दडलेलं असतं, तो कामाचं धड बोलू शकत नाही, सारखा मुद्द्याकडे धावतो. चाचा मात्र पेटीचे सांधे बिनखिळ्याचे कसे बसवले, हे रंगून सांगत राहिले. माझी चलबिचल तिथेच सुरू झाली.

"आणि हे नाणं?"

"आमच्या दादाजींचं, साहेब. मुंबईला गोदीत एका गोऱ्याला त्यांनी पेटी करून दिली होती. त्यानं मजुरी म्हणून हे दिलं. तेव्हापासून घरातच आहे."

"डॉक्टरांनी त्यांचं दाखवलं, तेव्हा का नाही बोललात, की माझ्याकडेही असंच आहे?"

चाचा जरा ओशाळले. "ते इतक्या मोहब्बतीनं दाखवत होते. म्हटलं, आपण मधेच कशाला बरोबरी करायची? त्यांचा आनंद कमी झाला असता."

एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मी घेऊ दिला. चाचा दोनदा "जी, जी" म्हणाले आणि त्यांनी फोन खाली ठेवला. इतका वेळ रंगून बोलणारा माणूस एकदम उठून उभा राहिला.

"काय झालं?"

"बेटीचा निकाह आहे या जुम्म्याला, भडगावला. मी चौकीत आहे हे त्यांच्या कानावर गेलं. तारीख थांबवा म्हणतात."

का थांबवा, हे मी विचारलं नाही. लग्न मोडलेल्या मुलीचं आपल्याकडे पुढे काय होतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून तपास होत नाही. मी तातडीने दोन पंचांना आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी नाणं बघताच उडी मारली. "हेच! साहेब, हेच माझं!"

"भिंग आणलंत ना? मग पिसं मोजा."

डॉक्टर खिडकीपाशी गेले. मोजलं. नाणं फिरवून पुन्हा मोजलं. हवालदार, पंच, मी, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. चाचा तेवढे जमिनीकडे बघत होते.

"आठ आहेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पूर्ण आठ. खाली-वर काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे माझं नाही."

हे एक वाक्य बोलायला फिर्यादीला किती जड जातं, हे पोलिसालाच ठाऊक. 'हेच' म्हणत राहिले असते, तर त्यांना नाणं मिळालं असतं आणि आमचा गुन्हा उघड झाला असता. डॉक्टर चाचांपुढे गेले आणि हात जोडून उभे राहिले. "चाचा, माझ्यामुळे झालं हे. आणि एक ऐका, हे मोडू नका हो."

चाचांना सन्मानाने घरी पाठवलं. आता प्रश्न राहिला, सात पिसांचा गरुड उडाला कुठे?

मी पुन्हा डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहाबरोबर बशीभर अनारसे आणले. "घ्या हो. जावयांना वाण दिलं त्यातले उरलेत."

अधिक महिन्यात जावयाला काय काय देतात, हे मी स्वतः जावई असल्याने जाणून होतो. "वहिनी, अनारशांबरोबर आणखी काय दिलंत?"

"दिवा दिला, आणि चांदीचा एक बंदा रुपया. यांच्या कपाटात जुने पडले होते ना, त्यातला. काळा ठिक्कर पडला होता. चिंचेने घासून लख्ख केला आणि दिला."

डॉक्टर ओरडलेच. "अगं, तोच माझा डॉलर!"

"डॉलर?" वहिनी त्यांच्यावरच उखडल्या. "डॉलर म्हणजे नोट ना? कालपासून डॉलर डॉलर करताय, मला वाटलं नोट हरवली. रुपया म्हणाला असतात, तर तेव्हाच सांगितलं असतं!"

त्याच संध्याकाळी जामनेरला जावयाच्या देवघरात, हळदीकुंकवात माखलेला गरुड सापडला. पिसं सात, खालून टोकं डोकावताहेत. शंभरावर वर्षांत चढलेली काळी झाक, जिच्यावर नाणी जमवणारे जीव टाकतात, ती मात्र चिंचेने नेली होती. डॉक्टर हळहळले, पण बायकोला एक शब्द बोलले नाहीत. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून 'क' समरीचा, म्हणजे तपास बंद करायचा, अहवाल पाठवायचं मी ठरवलं. कागदापुरतं प्रकरण मिटलं.

भडगावचं काय? डॉक्टर म्हणाले, "मी येतो. दोन्ही नाणी घेऊन येतो आणि त्यांना समजावतो." दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत, डॉक्टर आणि चाचा, असे तिघे निघालो.

नवऱ्या मुलाच्या वडिलांचं भडगावात बांगड्यांचं दुकान. त्यांनी आत बसवलं, पाणी दिलं. डॉक्टरांनी रुमालावर दोन्ही नाणी मांडली आणि आठ पिसं, सात पिसं, ठशावर ठसा, सगळं सुरू केलं. ते गृहस्थ अदबीने ऐकत राहिले. शेवटी मला म्हणाले, "साहेब, हे मला कशासाठी सांगताय?"

मी म्हटलं, "चाचांवरचा संशय फिटला, हे तुम्हाला कळावं म्हणून. तुम्ही निकाह थांबवलात ना?"

"थांबवला. आमचे समधी चौकीत बसलेले. आणि आम्ही इकडे मांडव घालायचा? रुखसतीला, पोर सासरी निघताना, तिच्या डोक्यावर हात कोण ठेवणार होतं? मी पोराला म्हटलं, ते घरी येईपर्यंत तारीख नाही. मग महिना लागो की वरीस."

चाचा दाराजवळ बसले होते. त्यांनी टोपी काढली, तोंडाला लावली आणि ते मोठ्याने रडले. डॉक्टरांचेही डोळे भरले. माझं मी सांगत नाही.

संशय घ्यायचा पगार मी तीस वर्षं घेतला, आणि त्याबद्दल मला खंत नाही. पण त्यानंतर कोणाचाही निरोप आला की मी त्याचा अर्थ परस्पर लावायचं सोडलं. फोन उचलून विचारायला लागलो, "असं का म्हणालात?" पुष्कळदा उत्तर आपल्या अंदाजापेक्षा चांगलं निघतं, हे मी नवीन पोरांनाही सांगत आलो.

निकाह ठरलेल्या जुम्म्यालाच झाला. आम्ही सगळे गेलो होतो, हवालदारही. गाडी निघायच्या वेळी चाचांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मुलाचे वडील बाजूला उभे होते. ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला, तेव्हा त्यांनीच त्याला हाताने खूण करून गप्प केलं.