टाकी आमच्याच अंगणात राहील

शिवकन्येला "हे बाईमाणसाचं काम न्हाई" असं सांगणारे लोक हिंगोलीकडच्या गोरेगावात अजूनही आहेत, पण आता ते हळू आवाजात सांगतात. आधी चारचौघांत सांगायचे. आणि कहर म्हणजे तिनंच बनवलेल्या फाटकाला टेकून सांगायचे.

तिचं सासर मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा परमेश्वर दिवाळी सरली की कळप घेऊन लांबच्या रानात जातो, तो पावसाच्या तोंडाला परत येतो. घरी सासू सिंधूबाई, आणि भिंतीला भिंत लावून थोरला दीर नामाजी. शिवकन्या लहानाची मोठी झाली ती मामाकडं, वारंगा फाट्याला. मामा भिवाजीचं तिथं हायवेच्या कडेला वेल्डिंगचं दुकान होतं. बाकीच्या पोरी भातुकली मांडायच्या त्या वयात ही ट्रकच्या फाळक्यांना रॉड लावायची. लग्न झालं, आणि वर्षभरात तिनं सासरच्या अंगणात रॉडची मशीन आणून ठेवली. फाटकं, खिडक्या, शेळ्यांच्या गव्हाणी, असं काम मिळत गेलं.

अडलं ते हळदीपाशी. आपल्याकडं हळद काढली की ती शिजवायला कुकर लागतो, म्हणजे ट्रॉलीवर बसवलेली मोठमोठी पिंपं. त्यांचा पत्रा पातळ. त्याला रॉड लावला की सांधायचं राहिलं बाजूला, भोकच पडतं. मागच्या हंगामात नामाजीच्या मेहुण्याच्या पिंपाचं तेच झालं. नामाजीनं ते पारावर बसून साऱ्या गावाला ऐकवलं, की आमच्या घरच्या बाईनं पिंप सांधलंय, ज्याला हळद चाळायची असेल त्यानं घेऊन जावं. लोक पोट धरून हसले. शिवकन्येच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडून भोक बुजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पातळ पत्र्याला गॅसची मशीन लागते, आणि गॅसच्या मशीनला कार्बन डायऑक्साइडची टाकी. मशीन मामाकडं जुनी पडून होती. टाकी आणायचीच, असं तिनं त्या रात्री ठरवून टाकलं.

हिंगोलीच्या गॅसच्या दुकानात दुकानदारानं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, मालक कुठायत. मेंढरांमागं गेलेत, ती म्हणाली. मग ते आले की या, तो म्हणाला.

"ते पावसाच्या तोंडाला येतील," शिवकन्या म्हणाली. "तवर मी हितंच बसते."

आणि खरंच बसली की! दुकानाच्या पायरीवर, पदर खोचून, भाकरीचं गाठोडं मांडीवर सोडून. येणारं-जाणारं गिऱ्हाईक तिला वळसा घालून आत जाऊ लागलं. टाक्या चढवणारा शंकरसिंग तासभर ही गंमत बघत होता. शेवटी तोच मालकाला म्हणाला, "दे दो सेठ, ये नहीं हटेगी." दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि काळी टाकी पुढं ढकलली. त्यावर हिनं आणखी एक मागणी केली, टाकी वजनकाट्यावर चढवा. या गॅसचं असं असतं की टाकी अर्धी असली तरी दाब दाखवणाऱ्या घड्याळात ती भरल्यासारखीच दिसते. म्हणून मानेवर ठोकलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा करूनच आतला गॅस किती ते कळतं. मामाची शिकवण होती ती. वजन बराबर भरलं, तेव्हाच तिनं टाकीला हात लावला.

जीपवाल्यानं टाकी बघून जीपच पुढं काढली. दुसऱ्यानंही तेच केलं. बाई, बॉम्ब घेऊन बसू का, असं वर ऐकवलं. ही टाकी पेट घेत नाही, उलट आग विझवायला हाच गॅस मारतात, हे तिनं दोघांना सांगून पाहिलं, पण भ्यालेल्या माणसाच्या कानात काय शिरतं? मग मोंढ्यात हळद उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पो तिनं अडवला, टाकी उभी दोरानं आवळली आणि तिला मिठी मारून गावापर्यंत आली.

नवी वस्तू उंबऱ्यात आली की तिला ओवाळल्याशिवाय सिंधूबाई वापरू देत नाही. मोटार असो, नांगर असो की मोबाइल. तिनं टाकीला हळदीकुंकू लावलं आणि दिवा लावून ताट आणलं. गल्लीतल्या बायापोरं जमली. इकडं शिवकन्येला रेग्युलेटर बसवायचा होता. तो बसवायच्या आधी टाकीचं चाक जरासं उघडून लगेच बंद करतात, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. आत्या, जरा बाजूला व्हा, ती म्हणाली. सिंधूबाईला वाटलं, सुरू व्हायच्या आत ओवाळणी झालीच पाहिजे. तिनं ताट घाईनं तोंडासमोर धरलं, त्याच वेळी शिवकन्येनं चाक फिरवलं. फुस्स करून पांढरा लोट आला आणि दिवा गेला.

विझला हा शब्दही सिंधूबाई दिव्याच्या बाबतीत कधी तोंडून काढत नसे. लेक रानात, आणि त्याच्या घरातल्या ओवाळणीचा दिवा असा जावा. ती एक अक्षर बोलली नाही. ताट घेऊन आत गेली आणि अंगणाच्या त्या कोपऱ्याकडं यायची बंद झाली. नामाजीशी भांडायला शिवकन्या एका पायावर तयार होती, पण म्हातारीच्या गप्प बसण्यापुढं तिचं काही चालेना.

पुढच्या आठवड्यात नामाजीच्या वाड्यात दोन मेंढ्या गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली. नामाजीला तेवढंच हवं होतं. त्यानं परमेश्वरला फोन लावला, तर तो भला माणूस म्हणाला, मला मेंढरातलं कळतं, टाकीचं तिला विचार. मग नामाजीनं भावकी पारावर बसवली. टाकी अशुभ, वर फुटली तर गल्ली जाईल, तवा ती गावाबाहेर न्यावी, असं ठरलं. शिवकन्या सगळं ऐकत उभी होती.

"न्या की," ती म्हणाली. "मी हात लावणार न्हाई. ज्याला भेव वाटून राहिलं त्यानंच खांद्यावर घ्यावी."

आता आली का पंचाईत! ठराव करायला सगळे, उचलायला एकही पुढं येईना. जो तो दुसऱ्याकडं बघायचा. टाकीपासून दहा हात लांब उभं राहून भावकीनं बराच खल केला आणि जेवायची वेळ झाली म्हणून आपापल्या घरी गेली. टाकी जागची हलली नाही.

पण नामाजी काही कच्चा गडी नव्हता. दोन्ही घरांचं मीटर त्याच्या नावावर. त्यानं शिवकन्येच्या मशीनची तार खांबाजवळून सोडवली आणि गुंडाळून आपल्या माळ्यावर टाकली. मशीन आली, टाकी आली, आणि करंटच नाही. हा घाव मात्र वर्मी बसला.

अशातच कमलबाई आली. कमलबाई विधवा, भाड्यानं कुकर फिरवून घर चालवणारी. तिच्या पिंपाची शिवण उकलली होती. हंगाम ऐन भरात, हळद शेतात काढून पडलेली, आणि हिंगोलीत पिंप घेऊन जावं तर आठवडा मोडतो. शिवकन्या तिला म्हणाली, पिंप बाजाराच्या मैदानात आण. मग ती देवलाकडं गेली. देवलाची पिठाची चक्की मैदानाला लागून. त्यानं कुरकुर करत का होईना, करंट द्यायचं कबूल केलं. आणि तिसरं काम तिनं केलं ते म्हणजे पारावर जाऊन सगळ्यांना ऐकवलं. बाजारच्या दिवशी भर मैदानात पिंप सांधते. पाणी गळलं तर टाकी मी स्वतः हिंगोलीला परत टाकते आणि दुसऱ्या दिवसापासून मेंढरांमागं जाते. न्हाई गळलं तर टाकी आमच्याच अंगणात राहील, पुन्हा कुणी नाव काढायचं न्हाई.

बाजारच्या दिवशी मैदानात भाजीपेक्षा गर्दी पिंपाभोवती. टाकी तिनं चक्कीच्या खांबाला साखळीनं बांधली. रेग्युलेटर बसवला, पान्यानं आवळला, साबणाचं पाणी लावून सांध्यातून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं, नळी जोडली. मग तोंडावर मास्क घेतला आणि शिवण ओढायला लागली. वीतभर झाली नसेल, तोच तिला आवाज खटकला. सरळ चरचर यायला हवी, ती तडतड यायला लागली. मास्क वर करून बघते तर शिवणीला मुंगीच्या भोकांसारखी भोकंच भोकं.

"चाळणी झाली ना पुन्हा," नामाजी म्हणाला, आणि गर्दी हसली.

शिवकन्येनं गॅस वाढवला, पुन्हा हात धरला. पुन्हा तेच. कारण कळायला तिला वेळ लागला नाही. या गॅसचं काम एकच, वितळल्या लोखंडाभोवती थांबायचं आणि बाहेरची हवा आत शिरू द्यायची नाही. आजवर तिनं हात बसवला तो घरच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या आडोशाला. इथं मोकळ्या मैदानात दुपारचा वारा सुटला होता, आणि गॅस शिवणीवर टेकायच्या आत उडून चालला होता. आडोसा हवा. कुणी ताडपत्री पुढं केली, पण ती ठिणगीनं भसाभसा पेटली असती. बारदानाचं तेच. नामाजी टेम्पोवाल्याला हाका मारायला लागला, टाकी भरून न्यायला. आपण आपल्याच तोंडानं लावलेली पैज, आपल्याच गावासमोर हरतोय, आणि कुठं जाऊन तोंड लपवावं तेही सुचेना. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मास्कच्या आत ठेवलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत सिंधूबाई आली. खांद्यावर परमेश्वरची काळी घोंगडी. लोकरीवर ठिणगी पडली तर ती जागच्या जागी करपते, भडकत नाही, हे मेंढक्याच्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. म्हातारीनं घोंगडी उलगडली, वाऱ्याच्या अंगाला पिंपाला लागून उभी राहिली आणि एक टोक दोन्ही हातांनी वर धरलं. दुसरं टोक मात्र फडफडत होतं.

"आई, लोक बघून राहिले," नामाजी दबक्या आवाजात म्हणाला. "दिवा गेलेल्या टाकीपाशी कशाला उभी राहायली तू?"

"दिवा माझ्या हातातला गेला," सिंधूबाई म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "पोरगी बाजूला व्हा म्हणत होती, म्या ताट तोंडाशी धरलं. चूक माझी. इतके दिस मी गप बसले आन तुमी तिला बोलू लागले. आता ते दुसरं टोक धर, नाम्या."

चार लेकरांचा बाप असलेल्या माणसाला भर बाजारात आईनं नाम्या म्हटलं की त्याचं काय होतं, ते नामाजीच्या तोंडावर दिसलं. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पुढं येऊन टोक धरलं.

शिवकन्येनं खराब झालेली शिवण घासून काढली. मास्क खाली घेतला. आता चरचर सरळ यायला लागली, घोंगडीवर ठिणग्या पडून लोकर करपल्याचा वास सुटला, आणि शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेली. तिनं ती गार होऊ दिली. मग कमलबाईनं आणि देवलानं बादल्यांनी पिंप काठोकाठ भरलं. लोक वाकून वाकून बघायला लागले. कुणी शिवणीवरून बोट फिरवलं, कुणी खालची माती चाचपून बघितली. माती कोरडी होती. कमलबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

सिंधूबाईनं आपलं टोक केव्हाच सोडलं होतं. नामाजी मात्र घोंगडी धरून तसाच उभा होता, कारण खाली ठेव असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शिवकन्येनं मास्क काढला, तोंडावरचा घाम पुसला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सोडा आता, दादा. घरी जाऊन तार जोडून ठेवा. मला उद्या काम हाय."

नामाजीनं घोंगडीची घडी घातली, आईच्या हातात दिली आणि माळ्यावरची तार खाली काढायला घराकडं निघाला.