तेराव्या घराची पहिली मात्रा

सिंगापुरात, क्लेमेंटीला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका पुणेकर संशोधकाने मला फसवलं. मी जुरोंग ईस्टमध्ये जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा करतो. तांजोंग पगारमधलं एखादं ऑफिस बंद पडलं किंवा माजलं की त्यांच्या खुर्च्या मी उचलतो. इचलकरंजीहून आलो तेव्हा बसायला स्वतःची खुर्ची नव्हती, आज चारशे आहेत. त्या सगळ्या घासाघीस करून मिळवल्या. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नाही, म्हणूनच ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही.

तो खुर्ची घ्यायला आला होता. मी सांगितलेला भाव त्याने निमूट मान्य केला. पुण्याचा माणूस, आणि भाव पाडत नाही! तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी एका टेबलावर मांडी घालून पेटी वाजवत बसलो होतो, आणि तो खुर्चीकडे बघतच नव्हता. पेटीकडे बघत होता.

"काका, अकॉर्डियन वाजवाल का?"

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि त्याचं टक्कल माझ्यापेक्षा मोठं होतं. "काका कोणाला म्हणतोस? आणि ही पेटी आहे."

"तेच ते. हवा भरायची, पट्ट्या दाबायच्या. आमच्या बँडला हेच पाहिजे."

त्याचा बँड म्हणजे मिसळ होती. थोडा ब्लूज, थोडं सोल, थोडं टेक्स-मेक्स, आणि यात कुठेच न बसणारं जे उरतं त्याला ते रूट्स म्हणत. त्याने मला फोनवर सगळं ऐकवलं. ब्लूजमधला माणूस तक्रार करतो, ते मला लगेच पटलं. भजनात आपण देवाकडे करतो, हा बायकोकडे करतो, एवढाच फरक. टेक्स-मेक्स म्हणजे टेक्सास आणि मेक्सिकोच्या वेशीवरचं नाचरं गाणं. त्याला अकॉर्डियन लागतं आणि ते यांच्याकडे नव्हतं. गिटार हा स्वतः वाजवायचा. गायची ती तांजोंग पगारच्या बँकेत मोठ्या हुद्द्यावरची मराठी बाई होती. ड्रमवर एक चिनी गृहस्थ होते, बसचालक म्हणून निवृत्त झालेले.

मी म्हणालो, "येतो. पण मला एकट्याला वाजवायला वेळ पाहिजे."

हे मी उगाच मागितलं नाही. गावच्या भजनी मंडळात पंधरा वर्षं मी बुवांच्या मागे वाजवलं. बुवा श्वास घेतील तेवढीच माझी जागा, आणि बुवांची फुप्फुसं बैलाची होती.

"देऊ की," तो म्हणाला. "चार मात्रांचं एक घर. अशी आठ घरं घ्या."

"चोवीस."

तो उठून दाराकडे निघाला. ही चाल मीच लोकांना शिकवावी इतकी जुनी. पण माझा जीव त्या घरांत अडकला होता. मी म्हणालो, "थांब. दर रविवारी दुपारी सराव माझ्या गोदामात करा."

"दहा घरं."

"एसी लावीन."

"अकरा."

"ड्रम न्यायला-आणायला माझी व्हॅन. आणि माझ्या बायकोच्या हातची साबुदाण्याची खिचडी."

त्याने डोळे मिटले. मूत्रपिंड काढून देत असल्यासारखा चेहरा केला. "बारा. मेलो मी, काका. पण हे बाकीच्यांना सांगू नका."

मी शिटी वाजवत घरी गेलो. बायको म्हणाली, "खिचडी कोण करणार ते कोणी ठरवलं?" मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ट्वेल्व्ह ओन्ली? सो शॉर्ट, लाह." घरात माझ्या विजयाची कदर कधीच झालेली नाही.

पहिल्या रविवारी ब्लूज काढला. सूर पांढरी तीन. बाईंचं गाणं झालं आणि गिटारवाल्याने एकट्याने वाजवलं. मी सवयीने बोटांवर मोजलं. बारा घरं. मग माझी बारा. मी तृप्त झालो. मग ड्रमवाले काका एकटे वाजवू लागले. त्यांचीही बारा!

मी पेटी बंद केली आणि ड्रमवाल्यांना विचारलं, "तुम्ही याला काय दिलंत?"

"कशाचं, बॉस?"

"बारा घरांचं."

ते हसायला लागले. "बॉस, ब्लूज बाराच घरांचा असतो. बारा झाली की पुन्हा पहिल्यापासून. ज्याची पाळी त्याला बारा. फुकट, लाह!"

गिटारवाला एकदम मन लावून तारा जुळवू लागला.

"तू आठ का म्हणालास?" मी ओरडलो.

"तुम्ही चोवीस म्हणालात म्हणून. काका, पत्रिकेलाही बाराच घरं असतात. जास्तीची कोणी मागतं का?"

म्हणजे जे सगळ्यांना फुकट मिळत होतं ते मी गोदाम, एसी, व्हॅन आणि खिचडी देऊन विकत घेतलं होतं. मी उठलो आणि एसी बंद केला.

सिंगापूरची दुपार आणि वर पत्र्याचं छप्पर. पाच मिनिटांत गिटारवाल्याचं टक्कल चमकू लागलं. बाई खिचडीच्या ताटलीने वारा घेत म्हणाल्या, "मी खाली जाऊन गार काहीतरी आणते," आणि गेल्या. त्या लिफ्टमध्ये शिरताच तो माझ्या कानाशी आला. "काका, एसी लावा. तेराव्या घराची पहिली मात्रा तुमची."

त्याने माझी दुखरी नस पकडली होती. आपल्याकडे एकट्याने वाजवून झालं की तिहाई घेतात. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि त्याचा शेवटचा सूर समेवर आपटायचा. ती सम पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा असते. बारा घरांत संपायचं म्हणजे तिहाई हवेत लटकवून घरी जायचं. जेवण सगळं आणि वर विडा नाही.

"पण तिथे बाईंचं गाणं पुन्हा सुरू होतं ना?"

"मी सांगतो ताईंना. त्या एक मात्रा थांबतील."

"नक्की?"

"नक्की. फक्त सरावात तिहाई खर्च करू नका. कार्यक्रमात ताजी काढा."

हे मला पटलं. उत्तम माल कोणी रोज दुकानाबाहेर मांडत नाही. मी एसी लावला.

कार्यक्रम एका कॉन्डोच्या हॉलमध्ये होता. मराठी मंडळींचं दिवाळीचं दुपारचं जेवण. मी उभ्याने वाजवत नाही, म्हणून व्हॅनमधून तीन ड्रॉवरचं साहेबी टेबल आणलं आणि त्यावर मांडी घातली. माझी बारा घरं आली. मी असं वाजवलं की श्रीखंडाचे चमचे वाटीतच थांबले. शेवटी तिहाई घेतली. एक, दोन, तीन, आणि समेवर आलो. त्याच क्षणी बाईंनी पहिला शब्द उचलला.

माझा सूर त्यांच्या शब्दावर धपकन बसला. त्या थांबल्या, मीही थांबलो. ड्रमवाले काका थांबले नाहीत. तीस वर्षं बस चालवलेला माणूस थांबा आल्याशिवाय थांबत नाही. पुढची बारा घरं मोकळीच धावू लागली. मोकळी जागा मला बघवत नाही, मी ती भरली. आता त्या थांबतील अशा खात्रीने पुन्हा तिहाई घेतली. आणि आता तरी हा थांबेल अशा खात्रीने त्यांनी पुन्हा तोच शब्द उचलला. पुन्हा धडक. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी अख्खा हॉल समेवर टाळी देत होता आणि पुढच्या रांगेतले एक आजोबा ओरडले, "वा! काय सवाल-जवाब!"

लोक खूश झाले. बाई नाही. मंचावरून उतरल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माझी जागा दिसत नव्हती? तीनदा?"

"ती मला दिली होती."

"माझी जागा? कोणी दिली?"

मी वळलो. गिटारवाला श्रीखंडापाशी उभा राहून कोणालातरी सांगत होता, "हो, ती सवाल-जवाबाची कल्पना माझीच." मी त्याला हाक मारली आणि विचारलं. त्याने पुरी तोंडात टाकली आणि सावकाश चावली. "काका, मी? असं कुठे म्हणालो?"

बाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी पंधरा वर्षं बुवांकडे पाहत होतो.

तेव्हापासून त्या सरावाला येत नाहीत. ड्रम माझ्या गोदामात पडले आहेत. ड्रमवाले काका रविवारी येऊन खिचडी खाऊन जातात. गिटारवाला प्रयोगशाळेत गुंतलाय म्हणे.

माझं गोदाम, व्हॅन, एसी गेला तरी मी रडत नाही. तो सौदा मी केला, मूर्खपणा माझा. पण गिटारवाल्या, ती मात्रा तुझी नव्हती. बाईंची होती, आणि त्या खाली गेलेल्या असताना तू ती मला दिलीस. मी आयुष्यात चोरीचा माल घेतला नाही. तो तू माझ्या गळ्यात मारलास आणि चोर मला ठरवलंस.

तेव्हा येत्या रविवारी ये. बाईंना मी बोलावलंय, त्यांनी हो म्हटलंय. घासाघीस न करता घेतलेली ती खुर्ची सोबत आण, तिच्यावर बस, आणि त्यांच्यासमोर सांग, तेराव्या घराची पहिली मात्रा कोणी कोणाला दिली? उत्तर मिळेपर्यंत एसी बंद राहील.